नव्या डंपिंग ट्रॉलीची पहिली खेप झाली, आता काय काय बघायचं?

नवी ट्रॉली विकत घेताना विक्रेता हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, वर-खाली करून दाखवतो. रिकामा हौदा कुठलाही हायड्रॉलिक जॅक उचलतो, त्यामुळे त्यावरून फारसं काही कळत नाही. रंगही ताजा असतो आणि वेल्डिंग बरं आहे की वाईट, हे त्याखाली झाकून जातं. ट्रॉली कशी आहे हे पहिला माल वाहून रिकामी झाल्यावर कळतं, कारण तोवर वजनाने तिच्यावर ठिकठिकाणी खुणा उमटवलेल्या असतात. कुठे रंग घासला गेला, कुठे तेल ओघळलं, कुठला नट सैल झाला, कुठलं चाक तापलं. म्हणून पहिली सूचना अशी, की पहिली खेप टाकून घरी आलात की लगेच पाइप लावून धुवायला घेऊ नका. आधी बघा, मग धुवा.

खाली दिलेला क्रम मुद्दाम तसा आहे. काही गोष्टी ट्रॅक्टर थांबल्याबरोबर बघाव्या लागतात, काही दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसतात.

पहिल्या खेपेला काय भरायचं

चिरे भरू नका. आपल्याकडे गोव्यात ट्रॉली आली की पहिलं काम बहुधा घराच्या नाहीतर कुंपणाच्या चिऱ्यांचं निघतं, तरीही नको. चिरे वरून टाकले की हौद्याचा पत्रा ठिकठिकाणी दबतो आणि मग ट्रॉलीचा दोष कुठला नि आपल्या हमालीचा कुठला हे सांगता येत नाही. शेणखत किंवा कोरडी माती बरी. माल सगळीकडे सारखा पसरतो आणि हळू घसरतो.

वजनाचा हिशेब मात्र आधी करा. आतून 9 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच हौदा म्हणजे 108 घनफूट, जवळपास 3 घनमीटर. अर्धवट सुकलेलं शेणखत काठोकाठ भरलं तर दीड ते दोन टन होईल. भातही साधारण तेवढंच भरेल. पण त्याच हौद्यात ओली माती किंवा रेती भरलीत तर वजन पाच टनांच्या घरात जातं. ट्रॉली तीन टनांची असेल तर हौदा भरलेला दिसायच्या कितीतरी आधी तिची ताकद संपलेली असते.

गोव्यात हा घोटाळा जास्त होतो, त्याला कारण आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच ट्रॉल्या घाटापलीकडे, बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूला बनतात. तिकडे ऊस, कडबा, भुसा असा फुगीर माल जास्त, म्हणून फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळ्या, उंच. विक्रेताही ब्रासमध्ये बोलतो, टनात नाही. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि एक ब्रास रेती साडेचार टनांच्या आसपास भरते. उंच फाळके बघून आपण भरत जातो. ओली माती कुठवर भरायची ती रेघ पहिल्याच दिवशी हौद्याच्या आतून रंगाने मारून ठेवा. मजूर बदलला तरी रेघ राहते. आणि पाटीवर लिहिलेले टन मालाचे आहेत की ट्रॉलीसकट, हे विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्या.

खेप अर्धी-पाऊण भरलेली पुरे. रस्ता मात्र थोडा चढ-उताराचा आणि थोडा खडबडीत निवडा. काजूच्या बागेकडे जाणारी जांभ्याची वाट असेल तर उत्तमच.

थांबल्याबरोबर: चाकांच्या हबना हात लावा

हे पाच मिनिटांच्या आत करायचं. ट्रॅक्टर बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. मग प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाजवळ, हाताचा पालथा पंजा न्या आणि हळूच टेकवा. सगळे हब सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच हब इतका तापला असेल की हात ठेववत नाही, तर त्याचं बेअरिंग जास्त आवळलेलं आहे, आत ग्रीस भरलेलं नाही, किंवा ट्रॉलीला ब्रेक असतील तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. तासाभराने गेलात तर सगळेच थंड सापडतील आणि काहीच कळणार नाही.

चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा. सीलमधून ग्रीस बाहेर येऊन रिमवर फवारल्यासारखं दिसत असेल तर सील नीट बसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामी ट्रॉली चाक बदलायच्या जॅकवर घेऊन प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. पहिल्या खेपेनंतर बेअरिंग किंचित बसतात, त्यामुळे हाताला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल चालते. खटखट आवाज येत असेल तर हबची टोपी काढून नट आवळावा लागेल आणि काटर पिन पुन्हा घालावी लागेल. यापूर्वी कधी केलं नसेल तर गॅरेजवाल्याकडून एकदा समोर बसून शिकून घ्या. काम अवघड नाही, पण जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं.

नट आणि यू-बोल्ट

चाकांचे नट पहिल्या खेपेनंतर सैल होतात. त्यात विक्रेत्याची चूक असेलच असं नाही. रिम आणि हब यांच्यामध्ये रंगाचा जाड थर असतो, तो वजनाखाली चेपला जातो आणि नटाची पकड कमी होते. म्हणून सगळे नट पुन्हा आवळा, एकामागून एक असे गोल न जाता समोरासमोरचे. पुढच्या दोन-तीन खेपांनंतर परत बघा. मग ते थांबलं पाहिजे. प्रत्येक वेळी तोच नट सैल सापडत असेल तर त्याचा बोल्ट ताणला गेला आहे किंवा रिमचं भोक मोठं झालं आहे. तो आवळत बसू नका, बदलून मागा.

पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचंही असंच. ते मात्र ट्रॉलीत थोडा माल असताना आवळावेत, म्हणजे पाटे दबलेले असतात.

जॅक, होज आणि तेल

इथे जरा वेळ द्या. महाग दुरुस्त्या इथेच निघतात आणि जिवावर बेतणारे अपघातही इथेच होतात.

सगळ्यात आधी एक नियम. उचललेल्या हौद्याखाली, टेकू लावल्याशिवाय, हातसुद्धा घालायचा नाही. होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटली किंवा कोणी चुकून लिव्हर हलवला तर हौदा एका क्षणात खाली येतो. कंपनीने टेकू दिला नसेल तर तो बनवून घ्या, आणि ट्रॉलीलाच अडकवून ठेवा. घरी ठेवलेला टेकू शेतात उपयोगाचा नाही.

आता तेल. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. ट्रॉलीचा नवा, कोरडा जॅक पहिल्यांदा भरतो तेव्हा ते तेल ट्रॅक्टरमधून जातं. म्हणून पहिल्या खेपेनंतर, ट्रॅक्टर सपाटीवर, हौदा पूर्ण खाली, इंजिन बंद करून तेलाची पट्टी बघा आणि कमी असेल तेवढं भरा. पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर पंप हवा ओढतोय असं समजा. तेल कमी असल्याचीच ती बहुधा खूण असते.

गळती शोधायची ती पुठ्ठा धरून. जोडाजवळून बोट फिरवायचं नाही. हायड्रॉलिकचा दाब इतका असतो की सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची चिळकांडी कातडीत शिरते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावं लागतं. जोडावर नुसता ओलसरपणा असेल तर दाब काढून जोड आवळला की बहुतेक वेळा थांबतो.

मग हौदा धरून राहतो का, हे तपासा. रिकामा हौदा अर्ध्यावर उचला, इंजिन बंद करा, सगळ्यांना दूर करा आणि चेसिसपासून हौद्यापर्यंतचं अंतर लांबूनच एखाद्या खुणेशी जुळवून ठेवा. 10-15 मिनिटांनी परत बघा. हौदा उतरलेला दिसला तर लगेच विक्रेत्याला फोन लावायची घाई करू नका. बहुतेक ट्रॉल्यांचा जॅक एका दिशेनेच ढकलतो आणि हौदा स्वतःच्या वजनाने खाली येतो. अशा जॅकचं सील गळत असेल तर तेल बाहेर, दांड्यावर दिसतंच. दांडा कोरडा, होज कोरडी, तरीही हौदा उतरतोय, याचा अर्थ तेल ट्रॅक्टरच्या व्हॉल्वमधून मागे जातंय. होजवर बंद करायचा नळ असेल तर खात्री करणं सोपं आहे. नळ बंद करून हाच प्रयोग परत करा. आता हौदा जागचा हलत नसेल तर दुखणं ट्रॅक्टरचं आहे. ट्रॅक्टर जुना आणि ट्रॉली नवी अशी जोडी असली की हे हमखास निघतं, आणि शिव्या ट्रॉलीला बसतात.

हौदा झटके देत वर जात असेल तर आत हवा आहे. रिकामा हौदा चार-पाच वेळा पूर्ण वर, पूर्ण खाली केला की हवा निघून जाते. फारच हळू वर जात असेल, किंवा वर गेलेला खाली येतच नसेल, तर आधी कपलर, म्हणजे होज ट्रॅक्टरला जोडायचा जोड, बघा. तो बहुधा अर्धवटच बसलेला असतो. कपलरवर लाल माती असेल तर ती पुसूनच जोडायचं, नाहीतर ती थेट व्हॉल्वमध्ये जाते. टोपी दिलेली असते ती यासाठीच, पण पहिल्या आठवड्यात ती हरवते.

जॅकचा दांडा चकचकीत हवा. त्यावर लांबीच्या दिशेने चरे दिसत असतील तर आत कचरा गेला आहे किंवा जॅक वाकडा बसवला आहे. दांड्याच्या एकाच बाजूला तेलाचा जाड पट्टा उमटत असेल तरी संशय वाकड्या बसवणीवरच घ्या. याचा फोटो काढून त्याच दिवशी कळवा.

शेवटी होजचा मार्ग. एकाने हौदा हळू वर-खाली करायचा, दुसऱ्याने बाजूला लांब उभं राहून बघायचं. वर जाताना होज ताणली जाते का, खाली येताना हौदा आणि चेसिसच्या मध्ये सापडते का. जिथे घासते तिथे पहिल्याच खेपेत रबरावर राखाडी डाग पडलेला असतो.

रंगाच्या खुणा वाचा

हौदा खाली आला की तो चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर सारखा टेकला पाहिजे. टेकू लावून, टॉर्च घेऊन, पट्ट्यांच्या वरच्या कडा बघा. दोन्हीकडे पुढपासून मागपर्यंत रंग सारखा घासला गेला असेल तर बसवणी नीट आहे. डावी पट्टी चकाकतेय आणि उजवीवरचा रंग मात्र कोरा आहे, असं दिसलं तर हौदा एकाच बाजूवर बसतो. भरलेल्या ट्रॉलीत ते सगळं वजन बिजागरीला पीळ देत राहणार. कधी कधी एखादा वेल्डिंगचा थेंब मध्ये येत असतो, तो घासला की काम होतं. हौदाच पिळलेला असेल तर ट्रॉली परत द्यायची.

वेल्डिंगच्या भेगा शोधायच्या चार जागा आहेत. ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा चेसिसला मिळतो तिथे, मागच्या बिजागऱ्या, जॅकच्या खालची बैठक, आणि पाट्यांचे कान. इथे आपली दमट हवा आपल्याला मदत करते. रंगाला केसाएवढी चीर गेली की रात्रभरात, फार तर दोन दिवसांत, त्या चिरेतून तपकिरी रेघ उमटते. म्हणूनच ही तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी परत करा.

रेघ दिसली म्हणजे लोखंड तडकलं असं नाही, नुसता रंगही तडकलेला असू शकतो. खात्री करायला तारेच्या ब्रशने रंग काढा, तिथे रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडं मुरू द्या, मग कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची भुकटी चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळसर रेघ काढतं. भेग सापडली तर गावच्या वेल्डरकडे जाऊ नका. त्याने केलेलं काम कितीही चांगलं असलं तरी हमी गेली.

ट्रॉली तिरकी चालते का

ओल्या मातीवर सरळ रेषेत थोडं पुढे जा, उतरा आणि मागे वळून चाकोऱ्या बघा. ट्रॉलीच्या चाकांची खूण ट्रॅक्टरच्या खुणेपासून डावीकडे जितकी, तितकीच उजवीकडे पडली पाहिजे. शंका आली तर दोरी घ्या. दांड्याच्या पुढच्या कडीच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत एक माप, उजव्या टोकापर्यंत दुसरं. मापं सारखी नसतील तर ॲक्सल वाकडा बसवलाय आणि टायर लवकर झिजणार.

दांडा, पिन आणि चढ-उतार

एका ॲक्सलच्या ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर पडलंच पाहिजे. ट्रॅक्टरला जोडलेली असताना हौद्याचा तळ साधारण समपातळीत दिसायला हवा. माल मागे जास्त झाला तर दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाकं चढावर फिरायला लागतात. पुढे फारच जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. पहिल्या खेपेला चढावर यातलं काही जाणवलं असेल तर ते लिहून ठेवा. दोष ट्रॉलीचा की भरण्याचा, हे माल पुढे-मागे करून पुढच्या खेपेला कळेल.

हौदा उचलताना माल मागे सरकतो, दांड्यावरचा भार कमी होतो आणि एखादा क्षण दांडा वर उसळी मारतो. पिन वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात क्लिप असते. ती तारेने बांधून चालत नाही. कडीच्या आत बोट फिरवून बघा. झीज कुठल्या बाजूला आहे त्यावरून दांडा किती उसळतो तेही कळतं.

उताराबद्दल दोनच गोष्टी. ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन्ही पेडलं एकत्र अडकवलेली हवीत. आणि ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरायचं, मध्ये क्लच दाबायचा नाही. तुमच्या ट्रॉलीला ब्रेक नसतील तर चोर्ला घाटासारख्या रस्त्यावर ती भरून नेण्याचा विचारच सोडा.

माल कसा पडला

फाळका एका झटक्यात उघडला का, की दोघांनी हातोडी मारावी लागली? मागच्या फाळक्याचे दोन्ही हूक एकदम सुटले पाहिजेत. एक आधी सुटला तर फाळका तिरका होतो आणि बिजागरीचं भोक पहिल्याच दिवशी लांबतं.

आपली लाल माती पावसात हौद्याला चिकटते. अर्धा माल पडला आणि अर्धा एका कोपऱ्यात तसाच राहिला तर ट्रॅक्टर पुढे दामटून करकचून ब्रेक मारणं ही सगळ्यांची आवडती युक्ती आहे. ती करू नका. वर गेलेला हौदा, एका बाजूला अडकलेला माल आणि झटका, एवढ्यावर ट्रॉली आडवी होते. हौदा खाली घ्या आणि फावड्याने मोकळं करा. माल नेहमीच चिकटत असेल तर हौदा पुरेसा उंच जातो का ते बघा, आणि तळाच्या पत्र्यावर वेल्डिंगचे उंचवटे राहिलेत का तेही. तसंच भराव टाकलेल्या भुसभुशीत जागेवर, किंवा एक चाक बांधावर नि एक खाली असताना, हौदा उचलायचाच नाही.

वर बघायला विसरू नका. कुळागरात सुपारीच्या झावळ्या लागतील तेवढंच, पण वाड्यावरून वाड्यावर गेलेल्या विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी झोळ पडलेल्या असतात. हौदा पूर्ण वर असताना जमिनीपासून त्याची उंची किती होते हे एकदा, मोकळ्या जागेत, बांबू उभा करून ठरवून ठेवा.

दिवे, कागद

मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर पट्ट्या सगळं जागेवर आहे का ते बघा. हौदा वर गेल्यावर वायर ताणून तुटलेली असते, ती पहिल्या खेपेतच. नोंदणी ट्रॉलीची वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी. कृषी खात्याचं अनुदान घेतलं असेल तर बिल, पाटीवरचा क्रमांक आणि ट्रॉलीचे फोटो एकत्र ठेवा.

चतुर्थीला, शिगम्याला ट्रॉली मागायला लोक येणारच. चित्ररथासाठी द्यायची तर कपलर काढून, लिव्हरशी कोणी खेळणार नाही असं करून द्या. माणसं भरून न्यायला मात्र देऊ नका, कोणी कितीही जवळचं असलं तरी.

आता धुवा

खाजनातला (खाऱ्या पाण्याजवळच्या शेतातला) चिखल किंवा खताचा चुरा असेल तर तपासणी उरकून त्याच दिवशी धुतलंच पाहिजे. मिठाला लोखंड खायला फार दिवस लागत नाहीत. जोराच्या पाण्याची धार हबच्या सीलवर आणि जॅकच्या दांड्यावर मारू नका. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी साचून राहत असेल तर निचऱ्याची भोकं आहेत का बघा. नसतील तर विक्रेत्याला विचारून पाडून घ्या. पाणी सुकलं की बिजागरीच्या आणि जॅकच्या पिनांना ग्रीस, आणि जिथे रंग उडालाय तिथे रेड ऑक्साइडचा हात. ट्रॉली उभी करताना हौदा नेहमी खाली, म्हणजे जॅकचा दांडा खाऱ्या हवेत उघडा राहत नाही.

विक्रेत्याशी बोलणं

फोनवर "ट्रॉली बरोबर नाही" एवढंच सांगितलं तर समोरून "चालवून बघा, बसेल" असंच उत्तर येतं. म्हणून तक्रार लिहून, फोटोसकट, व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते. रंग घासणं, नट एकदा सैल होणं, जोडावर ओल येणं यांसाठी भांडू नका, ते तुम्हीच निस्तरायचं. वेल्डिंगची भेग, चरे पडलेला जॅक, वाकडा ॲक्सल, पिळलेला हौदा आणि पुन्हा ग्रीस भरूनही तापणारा हब, या पाचांवर मात्र अडून बसा, आणि ते निस्तरेपर्यंत दुसरी खेप भरू नका. पाऊस तोंडावर असला की विक्रेत्याचा माणूस घाट उतरून यायला कंटाळा करतो, तेव्हा शक्यतो ट्रॉली मार्च-एप्रिलमध्येच घ्या. वायंगणाची (उन्हाळी भाताची) मळणी उरकत आलेली असते, वाटा कोरड्या असतात आणि भांडायलाही वेळ असतो.